मोसे खोऱ्यांतील एक नवा कौल

जुना कौल हातीं आला म्हणजे आपण त्यांत चार गोष्टी शोधतों : देणारा कोण, घेणारा कोण, काय दिलें, आणि देतां देतां सरकारनें आपल्यापाशीं काय राखून ठेविलें. पहिल्या तीन गोष्टी मजकुरांत उघड असतात. चौथी बहुधा अनुक्त असते, आणि कागदाचें खरें परीक्षण ती ओळखण्यांतच आहे. मुळशी तालुक्यांत दासवे येथें उभें राहिलेलें लवासा नांवाचें खासगी नगर व तें ज्या सरकारी कागदांवर उभें राहिलें ते कागद, यांस हीच कसोटी लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कागद अर्वाचीन आहेत म्हणून ते आपल्या कक्षेबाहेरचे, असें कोणी समजूं नये. शंभर वर्षांनीं तेच दप्तर होणार आहे.

प्रथम स्थळाविषयीं. मोसे नदीचें खोरें आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. बाजी पासलकर हे याच खोऱ्याचे देशमुख. वरसगांव येथें या नदीवर बांधलेल्या धरणास त्यांचेंच नांव दिलें आहे, आणि त्या जलाशयाचें पाणी खडकवासल्याच्या मार्गानें पुणें शहरास मिळतें. जलाशयाच्या वरच्या अंगास दासवे, मुगांव, धामणओहोळ, पडाळघर, साखरी अशीं गांवें आहेत. धामणओहोळ हें नांव उच्चारतांच तेथील ओहोळ डोळ्यांपुढें येतो. 'लवासा' या नांवाचें मात्र तसें नाहीं. त्यास संस्कृत धातु नाहीं, देशी मूळ नाहीं, ग्रामदेवतेचा आधार नाहीं. नांवें बनवून देण्याचा धंदा करणाऱ्या एका अमेरिकन पेढीनें तें घडविलें. वसाहतीचें नांव बदलणें हा कांहीं अपूर्व प्रकार नव्हे. पुण्याच्या रास्ते पेठेचेंहि मूळचें नांव शिवपुरी होतें. परंतु जुनें नांव सुटलें म्हणजे त्यास चिकटलेली वहिवाटहि सुटूं लागते, ही गोष्ट सनदा चाळणाऱ्यास निराळी सांगावयास नको.

आतां कागद. १९९६ सालच्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें थंड हवेच्या ठिकाणांजोग्या प्रदेशांत नगरें वसविण्यासाठीं विशेष नियम केले. त्यांच्या आधारें १ जून २००१ (शके १९२३) रोजीं मुळशी व वेल्हे (आतां राजगड) या दोन तालुक्यांतील १८ गांवांचा प्रदेश असें ठिकाण म्हणून अधिसूचित झाला. २००२ सालीं कृष्णा खोरें विकास महामंडळानें जलाशयालगतची सुमारें १४१ हेक्टर जमीन कंपनीस भाडेपट्ट्यानें दिली. पुढें २००८ सालीं, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या ४० व्या कलमान्वयें, लवासा कॉर्पोरेशन या कंपनीसच 'विशेष नियोजन प्राधिकरण' म्हणून नेमण्यांत आलें. या शेवटच्या कागदाचा अर्थ सरळ शब्दांत असा कीं, जमीन जिची, इमारत बांधणार तीच, आणि इमारतीचा नकाशा मंजूर करणारीहि तीच. नव्या नगराचा रोजचा कारभार लोकनियुक्त नगरपालिकेकडे नव्हता. कंपनीनें नेमलेल्या नगर-व्यवस्थापकाकडे होता.

या नगराच्या इमारतींविषयीं लिहिणारे बहुतेक टीकाकार एकाच गोष्टीवर बोट ठेवून थांबतात. ती म्हणजे, सरोवरकांठचीं रंगीत घरें इटलींतील पोर्टोफिनो या बंदराची नक्कल आहेत. आमच्या मतें हा दोष गौण आहे. पेशवाईंतील वाड्यांचे सुरूचे खांब तरी कोठें सह्याद्रींत उगवले? मोगली वळण आपल्या सुतारांनीं उचललें आणि आज आपण तें अभिमानानें आपलें म्हणतों. शिवाय दासव्याची आखणी मुळांत वाईट नाहीं. घरांच्या ओळी पाण्याकडे तोंड करून आहेत, पायीं चालणाऱ्यास कांठाचा रस्ता दिला आहे, आणि या आखणीस परदेशांत पारितोषिकेंहि मिळालीं. मोटारींनीं गजबजलेल्या पुण्यांतून तेथें गेलेल्या मनुष्यास चालतांना बरें वाटलें तर नवल नाहीं. पण प्रश्न चालण्याच्या सुखाचा नाहीं, हक्काचा आहे. त्या वाटेवर कोणी थांबावें, कोणी हातगाडी लावावी, कोणी सभा भरवावी, आणि मुगांवच्या गुराख्यानें गुरें घेऊन त्याच वाटेनें पाण्यावर जावें कीं नाहीं, हें ठरविणारा कोण? भिंतीचा रंग पाहून याचें उत्तर मिळत नाहीं. तें कागदांतच शोधावें लागतें.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं हा भेद फार पूर्वीं ओळखला होता. ज्या वाटेनें माणसें व जनावरें कोणी न अडवितां येतात-जातात तिला बृहस्पतीनें 'संसरण' म्हटलें आहे, आणि ती कोणीहि रोधूं नये असें सांगितलें आहे. कात्यायनाचा विवेक तर याहून सूक्ष्म आहे. जेथून सर्व लोक सर्व काळीं जातात तो चतुष्पथ, आणि जेथून ठराविक वेळीं मज्जाव नसतो तो राजमार्ग, असें तो म्हणतो. म्हणजे वाट सार्वजनिक आहे कीं नाहीं हें ती कोणी बांधली यावरून ठरत नाहीं. अडविण्याचा अधिकार कोणास आहे यावरून ठरतें. कौटिल्यानें तर दंडांची यादीच दिली आहे. लहान जनावरांची व माणसांची वाट रोधणारास १२ पण, मोठ्या जनावरांच्या वाटेस २४, आणि राष्ट्रमार्ग किंवा कुरणाची वाट रोधणारास १००० पण. कुरणाच्या वाटेस राष्ट्रमार्गाच्या पंक्तीस बसविणारा हा ग्रंथकार व्यवहार जाणणारा होता, यांत शंका नाहीं. या कसोटीनें पाहतां दासव्याचा तो सुंदर रस्ता संसरण ठरत नाहीं. येणाऱ्यास तेथें मज्जाव नसेल, पण मज्जाव करण्याची मुखत्यारी एका मालकापाशीं आहे. अनुज्ञा आणि हक्क एकच नव्हेत.

यावर असा आक्षेप येईल कीं, खासगी गृहस्थांनीं नगरें वसविणें ही आपल्याकडील जुनीच रीत आहे. आक्षेप खरा आहे. पुण्यांतील शुक्रवार पेठेच्या वसाहतीशीं जिवाजीपंत खासगीवाल्यांचें, नाना पेठेशीं नाना फडणिसांचें व रास्ते पेठेशीं आनंदराव रास्त्यांचें नांव निगडित आहे. पेठ वसविण्यास कौल मिळे, कांहीं वर्षें कर माफ होत, मग चढत्या इस्ताव्यानें वसूल सुरू होई, आणि शेटे-महाजनांस वतनाचे हक्क व मानपान मिळत. परंतु येथेंच ती चौथी गोष्ट पाहावी. शेट्यास मिळे तें उत्पन्न व मान. पेठेचा न्याय त्यास मिळत नसे. घरांचे व गल्लीबोळांचे तंटे तोडणें, खरेदी-विक्रीची नोंद ठेवणें, भाव व मापें यांवर नजर ठेवणें, हें काम सरकारच्या कोतवालाकडे होतें. तो कोतवाल जुलमी निघाला तर काय होई याचा दाखला घाशीरामाच्या १७९१ सालच्या अंतांत आहे. पण तो जुलूमहि सरकारच्या माथीं मारतां येत होता. पाण्याचेंहि असेंच. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजहून नळ आणला तो शनिवारवाड्यासाठीं खरा, पण वाटेंतील हौदांवर शहरानें पाणी भरलें.

जुन्या व्यवस्थेचें हें वर्णन करतांना एक गोष्ट लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. ती वाट व तो हौद सर्वांस खुला नव्हता. 'सर्व लोक' या शब्दांतून समाजाचा मोठा भाग वगळलेला होता, आणि त्यास अडविणारे हात खासगी मालकाचे नसून रूढीचे होते. सह्याद्रीच्या पलीकडे महाड येथें चवदार तळें नगरपालिकेनें १९२४ सालीं सर्वांस खुलें केलें होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी त्या तळ्यावर पाणी प्यावयास गेले, तेव्हां त्यांच्याविरुद्ध जो दावा लागला त्यांत तळें खासगी मालकीचें आहे अशीच बाजू मांडण्यांत आली. १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत तो दावा टिकला नाहीं. या प्रकरणाचें मर्म आमच्या विषयास नेमकें लागूं पडतें. ज्यास लोकांना दूर ठेवावयाचें असतें तो आधीं 'हें खासगी आहे' असें म्हणतो. म्हणून जागा खासगी ठरविणारा कागद हा नेहमींच बारकाईनें वाचला पाहिजे.

मुळशी तालुक्यास तर हा अनुभव दुसऱ्यांदा येत आहे. शके १८४३ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल १९२१ रोजीं, टाटांच्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट हे पुढें त्याचे नायक झाले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. गांवें पाण्याखालीं गेलीं. पण त्या वेळीं पक्ष तीन होते : रयत, कंपनी आणि जमीन संपादन करणारें सरकार. सरकार कंपनीच्या बाजूचें होतें, तरी तें निराळें उभें होतें, आणि त्यास जाब विचारतां येत होता. २००८ च्या कागदानें कंपनी आणि नियोजन करणारें सरकार हे दोन पक्ष एका आसनावर बसविले. आमच्या परीक्षणाचा मुख्य निष्कर्ष हाच आहे.

पुढील हकीकत थोडक्यांत अशी. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविण्याचा हुकूम काढला. वर्षभरानें पहिल्या २००० हेक्टरांस सशर्त मंजुरी मिळाली. २०१७ च्या मे महिन्यांत सरकारनें कंपनीचे नियोजनाचे अधिकार काढून पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविले, म्हणजे कौलांतील चूक सरकारनें स्वतःच मान्य केली असें म्हणण्यास हरकत नाहीं. २०१८ च्या ऑगस्टांत कंपनीचें प्रकरण नादारीच्या न्यायाधिकरणांत दाखल झालें. २०२२ सालीं उच्च न्यायालयानें, तक्रार उशिरां आली या कारणास्तव, जुन्या परवानग्यांत हात घालण्याचें नाकारलें. २०२३ च्या जुलैंत १,८१४ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, पण ती तडीस गेली नाहीं व बोलीचा मार्ग पुन्हां धरावा लागला.

येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. रस्ता दिवाळखोर होऊं शकतो काय? सावकाराचें नुकसान झालें, घर घेणाऱ्यांचे पैसे अडकले, हें दुःख लहान नाहीं. पण सरकारी वा गांवच्या रस्त्याच्या बाबतींत असें कधींच घडत नाहीं कीं, धनको त्याची किंमत मोजण्यास बसले आहेत. खासगी नगरांत तें घडतें, कारण तेथें चौक व कांठ हीहि मत्ताच असते. मालक श्रीमंत असतां ही गोष्ट दिसत नाहीं. तो बुडाला म्हणजे दिसते. माण-हिंजवडीकडे आज ज्या फाटकबंद वसाहती उठत आहेत त्यांतील रहिवाशांनींहि आपल्या दारापुढील रस्ता कागदोपत्रीं कोणाचा, हें एकदां तपासून पाहावें.

उपाय कायद्यास अपरिचित नाहींत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत वाट, पाणी, मासेमारी यांविषयींच्या रूढ हक्कांची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' या नांवें ठेवण्याची तरतूद आहे, आणि अडविलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ यानें तहसीलदारास दिला आहे. उणीव आहे ती पुराव्याची. मोसे खोऱ्यांतील जुने पाहणी-नकाशे, पाणंदींचे उल्लेख असलेले निवाडे, देवस्थानांच्या वहिवाटीचे मजहर आज कोणाच्या तरी माळ्यावर वाळवी खात असतील. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला करून गांवांस द्याव्या, अशी आमची विनंति आहे. शिवकालाचा निर्णय लावण्यास ते कागद लागतील तेव्हां लागोत. धामणओहोळच्या वाटेचा निर्णय त्याआधीं लागावयाचा आहे.