वनऱ्हास आणि ग्रामकलह : पेण-रोह्याच्या दळीजमिनींवरून एक चिकित्सा

जंगल आटले की गावात कलह माजतो, ही उपपत्ती वारंवार मांडली जाते. ती खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे. सरपण, गवत, लाकूड यांची टंचाई झाली म्हणजे ओढाताण होणार, हे उघड आहे. तथापि ती ओढाताण कोणाविरुद्ध वळते, हे टंचाईवरून ठरत नाही. ते हक्काच्या नोंदीवरून ठरते. पेण व रोहे या तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८७८ च्या वनकायद्याने जंगलाची प्रतवारी झाली आणि पूर्वीची वहिवाट 'सवलत' ठरली. भातशेतीच्या राबासाठी फांद्या तोडणे हा शेतकऱ्याचा नित्याचा व्यवहार. तोच आता परवानगीचा विषय झाला. तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. कायद्यानंतर अवघ्या सात वर्षांतील ही घटना आहे. झाडांच्या तुटवड्याइतकाच निर्बंधही कलहाचे कारण होता, असे यावरून म्हणावे लागते.

कातकऱ्यांची स्थिती याहून बिकट झाली. खैरापासून कात काढणे या ज्या धंद्यावरून त्यांना नाव मिळाले, तो धंदाच निर्बंधांमुळे बुडाला. पुढे कोळशाच्या भट्ट्यांवर तेच मजूर झाले. नफा व्यापाऱ्याचा, कुऱ्हाड कातकऱ्याच्या हाती; साहजिकच जंगलतोडीचा दोषही त्याच्याच माथी आला. डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी मिळालेली दळीची जमीन हा त्याचा आधार होता. पण ती लागवडीपुरती होती, मालकीची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही तो वनखात्याच्या दृष्टीने अतिक्रमकच राहिला.

२५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. हुतात्म्यांत आगरी, कोळी होते, तसा नाग्या कातकरीही होता. निर्बंध सर्वांवर सारखा असताना गावकरी व वाडीवाले एकत्र आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. टंचाईने माणसे नेहमी एकमेकांवरच उठतात, हा सिद्धान्त येथे टिकत नाही.

याचा अर्थ वहिवाट निर्दोष होती असा नव्हे. राबासाठी वर्षानुवर्षे खुडलेले झाड खुरटते. दळीला विसावा न मिळाल्यास उतारावरची माती धुपते. हे नाकारणारे समर्थन भाबडे होय. परंतु ज्याचा उद्याचा हक्क अनिश्चित आहे, त्याने उद्याचे झाड राखावे, ही अपेक्षा तितकीच अन्याय्य आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जुन्या पट्ट्यांचे मालकीहक्कात रूपांतर करण्याची तरतूद केली आणि वनरक्षणाचा अधिकार ग्रामसभेलाही दिला. या दोन तरतुदी परस्परपूरक आहेत. दळीदाराची नोंद पक्की केल्यावाचून केवळ झाडे लावीत गेल्यास डोंगर कदाचित हिरवा होईल. कलह मात्र शमणार नाही.