शिंपल्यातलं शिसं आणि सत्तर किलोचा माणूस

कालवं, तिसऱ्या, शिनाणे यांतल्या जड धातूंवरचे बरेच शोधनिबंध एकाच वाक्यावर संपतात: ‘धोका गुणांक एकपेक्षा कमी, म्हणून खाण्यास सुरक्षित.’ मोजणी बहुतेक वेळा चोख असते. माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

गणित सोपं आहे. मांसातलं धातूचं प्रमाण गुणिले रोजचं खाणं, भागिले खाणाऱ्याचं वजन. आलेल्या आकड्याला त्या धातूच्या ‘संदर्भ मात्रे’ने भागायचं. शिशासाठी ही मात्रा अनेक जण दिवसाला किलोमागे ०.००३५ मिलिग्रॅम धरतात. ती आली कुठून? आठवड्याला किलोमागे २५ मायक्रोग्रॅम या जुन्या मर्यादेला सातने भागून. आणि ती मर्यादा अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्येच मागे घेतली, कारण तेवढ्या शिशानेही मुलांचा बुद्ध्यांक घटतो. रद्द झालेल्या मापाने मोजून ‘सुरक्षित’ कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट वजनाची. सूत्रातला माणूस साठ-सत्तर किलोचा असतो. आमच्या पोशेऱ्याला समुद्र नाही, पण दिवाळीनंतर माणसं जगायला वसई-ठाण्याकडे जातात आणि खाडीचं मिळेल ते खातात. त्यातली पस्तीस किलोची पोरगी या सूत्रात कुठेच नाही. उदाहरण म्हणून धरा, कालवात किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि आठवड्याला १०० ग्रॅम खाल्लं. महिन्याला सुमारे ४३० मायक्रोग्रॅम झालं. त्याच समितीची कॅडमियमची मर्यादा महिन्याला किलोमागे २५. म्हणजे साठ किलोच्या माणसाचा २९ टक्के वाटा संपला, या पोरीचा जवळजवळ निम्मा. भातातून येणारं कॅडमियम अजून धरलेलंच नाही! त्यात अंगात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम जास्त शोषतं. मोखाडा-जव्हारमध्ये रक्तक्षय किती, हे मी सांगायला नको.

म्हणून खाऊ नका म्हणायचं का? तेही चूक. कालवातून लोह आणि जस्त मिळतं, म्हणजे नेमकं तेच जे या पोरीला कमी पडतं.

खरा उपाय शेतीच्या जागेत आहे. शिंपला पाणी गाळूनच जगतो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. काढणीनंतर एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलं की जंतू बऱ्यापैकी जातात, कॅडमियम मात्र जात नाही. सिंधुदुर्गातल्या बचत गटांच्या बायका शिनाणे-कालवं वाढवतात. त्यांना दोर सोडण्याआधीच त्या खाडीच्या पाण्याचा आणि गाळाचा अहवाल हातात मिळायला हवा, तोही मराठीत. आणि निबंध लिहिणाऱ्यांनी शेवटच्या तक्त्यात एक रांग वाढवावी: वजन ३५ किलो.