ठिपका खरा की माणूस?

प्रयोगवहीत विद्यार्थ्याने नुसतेच '१२.४ सें.मी.' लिहिले, तर आपण विचारतो, "त्रुटी किती?" हाच प्रश्न कामगाराच्या मनगटावरील घड्याळालाही विचारला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

कामगार नेमून दिलेल्या भागात आहेत की नाहीत हे कळावे, म्हणून नागपूर, चंडीगड अशा शहरांत २०२० पर्यंत सफाई कामगारांना जी.पी.एस. घड्याळे दिली गेली होती. अशा नोंदीवर हजेरी आणि मग पगार ठरू लागला, की त्रुटीचा प्रश्न पोटापाण्याचा होतो.

घड्याळ ठिकाण 'पाहत' नाही. त्याचा हिशेब करते. सुमारे २०,००० कि.मी. उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून ते अंतरे काढते. रेडिओलहरी सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सें.मी. जातात. वेळेतली बारीकशी चूक म्हणजे जमिनीवर कित्येक मीटर! मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाईल सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींच्या गल्लीत मात्र संदेश भिंतींवरून परावर्तित होऊन लांबच्या वाटेने येतो आणि चूक ५० मीटरवरही जाते. झाडणारी बाई हद्दीवरच्या गल्लीत असेल, तर नकाशावरचा ठिपका हद्दीपलीकडे उडी मारतो. बाई जागेवर, नोंदीत गैरहजर!

दुसरी चूक कल्पनेतली आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतील रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'ॲक्टिव्ह बॅज'ची माहिती प्रसिद्ध केली. हा बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांद्वारे आपला क्रमांक पाठवी. त्यावरून कळे ती बिल्ल्याची खोली, माणसाची नव्हे. कोट खुर्चीवर टाकून माणूस बाहेर गेला, तरी बिल्ला खोलीतच. पण तिथे मुख्य काम होते आलेला फोन जवळच्या यंत्रावर जोडून देण्याचे. चूक झाली तर फोन रिकाम्या खोलीत वाजे, एवढेच. तेवढीच चूक पगारपत्रकात परवडत नाही.

ही साधने निरुपयोगी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. चार तास शहराच्या दुसऱ्या टोकाला दिसलेला ठिपका बरेच काही सांगतो. मात्र ठिपक्याभोवती त्रुटीचे वर्तुळ काढावे, आणि ते हद्दीला छेदत असेल तर संशयाचा फायदा कामगाराला द्यावा.

वर्गात करून पाहा: मोबाईल शाळेच्या भिंतीलगत न हलवता ठेवा. दर मिनिटाला अक्षांश-रेखांश लिहून आलेखावर मांडा. दशांशचिन्हानंतरचा पाचवा अंक म्हणजे सुमारे एक मीटर. मग मुलांना विचारा, "मोबाईल किती चालला?"