शौर्याआडचे भय

स्टीफन क्रेनच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’ (१८९५) या कादंबरीतील तरुण शिपाई रणातून पळतो. दुसऱ्या पळपुट्याने मारलेल्या बंदुकीच्या दस्त्याची जखम पुढे गोळीची म्हणून खपते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’मधील (१९८८) तरुण जनकोजी शिंद्यांना असा आडोसा नाही. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीनजीक बुराडी घाटावर चुलते दत्ताजी पडले, जनकोजी जखमी झाले. तरीही १४ जानेवारी १७६१ ला ते पानिपतावर उभेच होते. साध्या शिपायाचे भय गर्दीत लपते, सरदारपुत्राचे कुळाच्या लौकिकाखाली दबते. आपली ऐतिहासिक कादंबरी हा लौकिक समर्थपणे रंगविते. भयाला मात्र क्वचितच वाचा देते. वस्तुतः भयावाचून शौर्याचे मोल कळत नाही.