शैक्षणिक नेतृत्व : एका संज्ञेची उलटतपासणी

पुण्यातील एका माध्यमिक शाळेत मी सहशिक्षक आहे आणि गेली चार वर्षे 'शैक्षणिक नेतृत्व' या विषयावर अर्धवेळ पीएच.डी. करतो आहे. सकाळी सातला परिपाठ, साडेबाराला शाळा सुटली की ग्रंथालय, संध्याकाळी घरी उत्तरपत्रिका आणि रात्री प्रबंध, असा माझा दिवस जातो. हे कौतुक व्हावे म्हणून सांगत नाही. आपल्यातील शेकडो शिक्षक आज याच वाटेने चालले आहेत. म्हणूनच ज्या ज्ञानशाखेच्या दारात आपण उभे आहोत, ती ज्ञानशाखा आपल्याविषयी काय बोलते आणि कशाविषयी गप्प बसते, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

'नेतृत्व' ही संज्ञा शिक्षणशास्त्रात बाहेरून आली. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ साली राजकीय नेत्यांच्या अभ्यासातून परिवर्तनवादी नेतृत्वाची कल्पना मांडली. बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये ती संघटनांच्या व्यवस्थापनाला लावली. तेथून ती शाळेत शिरली. त्याच दशकात फिलिप हॅलिंजर यांनी मुख्याध्यापकाचे अध्यापनविषयक नेतृत्व मोजण्यासाठी श्रेणी तयार केली. या अभ्यासकांवर माझा राग नाही. आपापल्या समाजापुढचे प्रश्न त्यांनी सोडवू पाहिले. राग आहे तो ही श्रेणी जशीच्या तशी उचलून मराठीत आणणाऱ्या आपल्याकडच्या संशोधन-व्यवहारावर. भाषांतर शब्दांचे झाले, समाजाचे झाले नाही.

मी स्वतः अशी प्रश्नावली वाटली आहे. 'मुख्याध्यापक सहकाऱ्यांना प्रेरणा देतात' या विधानापुढे पाच रकाने होते. एका सहकाऱ्याने सगळीकडे 'पूर्णतः सहमत' अशी खूण केली आणि कागद परत देताना हळूच विचारले, "सर, हा साहेबांकडे तर जाणार नाही ना?" माझ्या दृष्टीने त्या दिवसाची खरी माहिती त्या एका प्रश्नात होती. प्रश्नावलीत तिला जागा नव्हती. सरासरी काढली तेव्हा आमच्या शाळेचे नेतृत्व उत्तम ठरले. मी भीतीचे माप घेतले होते आणि तक्त्याला नाव दिले होते नेतृत्वाचे.

संशोधन पद्धतीतली ही चूक सुधारता येईल. त्याहून मोठा प्रश्न प्रश्नावलीच्या आधीचा आहे. मुख्याध्यापक होतो कोण? खाजगी शाळांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आणि १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. पात्रता आणि समाधानकारक सेवा असेल तर सेवाज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापक नेमावे, असे नियम सांगतो. पीएच.डी.ची अट त्यात नाही. मागासवर्गीयांसाठी मुख्याध्यापकाच्या पदांवरही राखीव जागांची तरतूद त्याच नियमावलीत आहे. परंतु एकाकी पदाला आरक्षण लावता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात १९९८ साली दिला. ज्या संस्थेची शाळा एकच, तिचे मुख्याध्यापकपदही एकच. तेथे बिंदुनामावली शिक्षकांच्या ओळीपर्यंत येते आणि मुख्याध्यापकाच्या दालनाबाहेर थांबते. उरली सेवाज्येष्ठता. ती नेमणुकीच्या तारखेवर ठरते. ज्याचा राखीव जागेचा अनुशेष वर्षानुवर्षे भरला गेला नाही, तो उशिरा लागला. उशिरा लागला म्हणून यादीत खाली राहिला. खाली राहिला म्हणून मुख्याध्यापक होण्याआधीच निवृत्त झाला. कोणी त्याला उघडपणे 'नाही' म्हटले नाही. तरीही तो नाकारला गेला.

आता या विषयावरचे प्रबंध उघडून पाहा. मी जे चाळले त्यांत मुख्याध्यापकांची वर्गवारी लिंग, वय, अनुभव, पात्रता, शहरी-ग्रामीण अशी सापडते. जातीचा रकाना बहुतेकांत नाही. ज्या समाजात मुलाच्या दाखल्यावर जात लिहिली जाते, त्या समाजातील शाळेच्या प्रमुखाचा अभ्यास करताना ती अचानक अदृश्य होते! याला वस्तुनिष्ठता म्हणावयाचे की सोय? ज्याने ही गाळणूक केली तो दुष्ट असतो असे मी म्हणत नाही. त्याला तो प्रश्न पडतच नाही, कारण ती खुर्ची त्याला कधी परकी वाटलेली नसते.

नोकरी करीत संशोधन करणाऱ्याची कोंडी याहून वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता दिली, हे चांगलेच झाले. किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत आहे. मात्र अर्धवेळ उमेदवाराने आपल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी मोकळीक मिळेल, असे त्यात लिहून द्यावे लागते. म्हणजे ज्या सत्तेचा अभ्यास करावयाचा तिच्याच सहीने अभ्यासाला सुरुवात होते. सही झाल्यावर वेळ मिळतोच असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला अशैक्षणिक कामे लावण्यास बंदी केली. पण जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका तेवढ्या वगळल्या. मतदारयाद्या घेऊन वस्तीतले जिने चढताना माझ्या पिशवीत सांख्यिकीचे पुस्तक असते. ते उघडायला रात्र उजाडते.

मग आपल्या परंपरेत शैक्षणिक नेतृत्वाचा विचार झालाच नव्हता काय? झाला होता, आणि याच शहरात झाला होता. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तो मोडकळीस आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. सावित्रीबाईंचे नेतृत्व कोणत्या श्रेणीने मोजणार? त्याचा पुरावा १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला : फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध. शाळेने मुलीला अक्षर दिले आणि तिने त्या अक्षरांनी समाजाला जाब विचारला. तिकडे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन वाचावे. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सर्वांना माहीत आहे. पण प्राथमिक शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक तयार झाले पाहिजेत, त्यांना पुरेसा पगार मिळाला पाहिजे, हेही ते तेथे बजावतात. शाळेच्या कारभाराचा प्रश्न शिकवणारा कोठून येतो या प्रश्नापासून तोडता येत नाही, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आमच्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत बर्न्स आणि बास असतात. जोतीराव असलेच तर प्रस्तावनेत, वंदनापुरते असतात.

येथे आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. आपल्यातील काहीजण मुख्याध्यापक झाले, काहींच्या नावामागे 'डॉ.' लागले. त्यातील किती शाळांत सहशिक्षक निर्भयपणे बोलू लागला? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असावी, असे कायदा सांगतो. आपला मुख्याध्यापक त्या घरकाम करणाऱ्या आईला बैठकीत बोलू देतो, की कोऱ्या इतिवृत्तावर अंगठा घेतो? खुर्चीवरचा माणूस बदलला आणि खुर्चीची रीत तशीच राहिली, तर आपण फक्त पाटी बदलली असे म्हणावे लागेल. पदवी दारावरच्या पाटीसाठी हवी असेल तर तीत माझे मन रमत नाही.

माझ्या प्रबंधात एक प्रकरण आहे : बिंदुनामावली, सेवाज्येष्ठता आणि मुख्याध्यापकपद. हे प्रकरण 'विषयाबाहेरचे' आहे, ते काढले तर काम लवकर संपेल, असा सल्ला मला मिळाला आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नाही. मुदत संपत आली आहे आणि घरातली माणसे थकली आहेत. मी खरोखरच डगमगलो.

अशा वेळी बाबासाहेबांचे उदाहरण आठवले. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवीत होते. लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पैसे साठवीत होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेले पाणी त्यांनी पिण्यास तेथे हरकत घेतली गेली होती. पुढे रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांना खटकला आणि पुन्हा लिहावयास सांगण्यात आला. चरित्रकार सांगतात की त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली.

मी लहान माणूस आहे. तुलना करीत नाही. पण रस्ता दाखवलेला आहे. ते प्रकरण मी पुन्हा लिहितो आहे. त्यातील आवेश कमी केला आहे, शासन निर्णय आणि सेवाज्येष्ठता याद्यांचे तक्ते वाढवले आहेत, भीतीने भरलेल्या त्या प्रश्नावलीची हकीकतही पद्धतीच्या मर्यादा म्हणून नोंदवली आहे. प्रकरण मात्र काढणार नाही. वर्ष जास्त लागले तर लागो. जे शिक्षक बांधव आणि भगिनी याच विषयावर काम करीत आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे : आपल्या तक्त्यात तो एक रकाना घाला. त्यातून काय निघते ते मग एकत्र बसून वाचू.