रोझा वन : पाहायचं अक्षर आणि वाचायचं अक्षर

आज ‘रोझा वन’ या फॉन्टविषयी. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट २०१४ पासून फुकट मिळतो. त्यातली रोमन अक्षरं एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या जाहिरातींच्या वळणाची. अंगानं गलेलठ्ठ, टोकांना केसासारखे सेरिफ. आपल्या देवनागरीत सेरिफ नसतो, म्हणून तिथं हे जुनेपण जाड-बारीक रेघांच्या टोकाच्या फरकातून आणलंय. काम देखणं आहे, यात वाद नाही.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या फलकावर चार शब्द या अक्षरात लावा, शोभतील. पण अख्खी सूचना? लहान आकारात बारीक रेघा नाहीशा होतात, ‘द्ध’सारख्या जोडाक्षराच्या पोटातली पांढरी जागा बुजते. तुम्ही-आम्ही अंदाजानं पुढे सरकतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरातला पहिलाच वाचणारा अक्षर-अक्षर लावत वाचतो. तो तिथंच अडतो. सूचना त्याच्याचसाठी असते ना? यात फॉन्ट करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी तो मथळ्यांसाठीच केला.

आणि जुनं म्हणजे नक्षीदारच, हे कुणी ठरवलं? जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे खिळे जुनेच, तरी पोथी संपेपर्यंत डोळा दमत नाही. मजकुराला मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ घ्या की. तोही फुकटच आहे.