मोडेमची पोथी : एक रसग्रहण

ज्या पुस्तकाला लेखक नाही, किंमत नाही, प्रस्तावना नाही आणि ज्याच्या प्रकाशनाला कुणी हार-नारळ घेऊन आलेलं नाही, अशा पुस्तकाचं परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. समीक्षकाला निदान एक प्रत फुकट मिळावी लागते. मला ती मिळाली होती, २००८ साली, मोडेमच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली. अभिप्राय द्यायला एवढी वर्षं लागली याबद्दल क्षमस्व. पण बँकेत याहून जुन्या नोंदी जुळायच्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

परवा माळा आवरताना ही चौसष्ट पानी पोथी पुन्हा हाती लागली. मुखपृष्ठावर एक बाई संगणकाकडे पाहून हसते आहे. ती कशाला हसते हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गुलदस्तात राहतं. त्या खोक्यातून जे निघालं ते पाहून आमच्या घरात तरी कुणी हसलं नव्हतं.

आधी कथानक. नायकाचं नाव ‘यूजर’. हा एकटा जीव. त्याला आईवडील नाहीत, मागे कुकरच्या शिट्ट्या नाहीत आणि मुख्य म्हणजे त्याच्या गावात लोडशेडिंग नाही. २००८ सालच्या सोलापुरात बसून वाचणाऱ्याला हा अद्भुतरसच. पहिल्या अंकात तो सीडी घालतो, दुसऱ्यात ‘नेक्स्ट’ दाबतो, तिसऱ्यातही ‘नेक्स्ट’ दाबतो आणि चौथ्यात ‘फिनिश’. संघर्ष म्हणून नाही! सगळी पात्रं विंडोज ९८, २००० आणि एक्सपी या एकाच घराण्यातली. इतर घराण्यांचा उल्लेख एकसष्टाव्या पानावर एका ओळीत आटोपला आहे : अन्य ऑपरेटिंग सिस्टीम असल्यास आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधावा. आमच्या घराची व्यवस्था आई पाहत असे. तिला विचारलं तर म्हणाली, “आधी गिरणीतनं ज्वारी दळून आण.”

आमच्या घरी ते ‘अन्य’ घराणं का आलं, ते सांगायला हवं. नव्या पेठेतून संगणक जुळवून घेतला तेव्हा दुकानदार चोरीचं विंडोज वर फुकट टाकून देत होता. पण दिवसभर काउंटरवर बनावट नोटा ओळखायच्या आणि रात्री घरी बनावट विंडोज चालवायचं, हे माझ्या बी. कॉम.ला पटेना. खऱ्याची किंमत ऐकली आणि माझा प्रामाणिकपणा दुसऱ्या दिशेला वळला. तेव्हा उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी परदेशातून टपालाने फुकट येत असे. (ही सोय पुढे २०११ साली बंद झाली.) माझी आवृत्ती ८.०४, म्हणजे २००८ च्या चौथ्या महिन्यातली. टोपणनाव हार्डी हेरॉन, मराठीत चिवट बगळा. टपालखर्चसुद्धा त्यांचाच! खात्यात नावे काय टाकायचं, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही.

मग टेलिफोनवाल्यांचा माणूस आला. त्याने मोडेम यूएसबीच्या वायरने जोडला, पडद्यावर स्टार्टचं बटण शोधलं, ते सापडेना म्हणून माझ्याकडे पाहिलं. “सायेब, हे आमच्यात बसत नाही,” म्हणाला आणि चहा घेऊन गेला. बगळा एका पायावर उभाच.

एरवी महिनाभर तसंच पडून राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात मस्कतला माझ्या बहिणीला मुलगी झाली होती आणि फोटो ई-मेलने आला होता. अण्णांची पहिली नात. मी म्हटलं, अण्णा, चला, सायबर कॅफेत पाहून येऊ. अण्णा म्हणाले, “नातीचं तोंड काय तासाला वीस रुपये भाड्यानं बघायचं बे?”

यावर मी काय बोलणार? पोथी उघडून बसलो.

आता शैलीविषयी. सगळी वाक्यं आज्ञार्थी. “जोडा.” “दाबा.” “थांबा.” जमलं नाही तर काय, याचं उत्तर एकच : पुन्हा करा. आमच्या एका जुन्या शाखाधिकाऱ्यांची ड्राफ्टिंगची पद्धत हुबेहूब हीच होती. अलंकार नाहीत, पण चित्रं आहेत आणि पुस्तकातला सगळा जीव चित्रांतच आहे. मी मजकूर वाचत होतो म्हणून अडकलो. अण्णांना इंग्रजी अक्षर लावून लावून वाचावं लागे, म्हणून ते चित्रं पाहत होते.

अण्णांनी जन्मभर चादरीच्या जकार्ड मागावर काढला. जकार्ड म्हणजे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं. जिथे भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे राहतो आणि त्यातून चादरीवर मोर उठतो. १८०४ साली फ्रान्समधल्या जाकारने काढलेली ही युक्तीच पुढे संगणकवाल्यांनी उचलली, हे मला फार उशिरा कळलं. अण्णांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पण नवव्या पानावर मोडेमच्या पाठीचं चित्र होतं, त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “दोन तोंडं हायत की बे ह्याला. तू एकाच तोंडानं का चारायलास?”

खरंच दोन तोंडं होती. एक यूएसबी, दुसरं लॅन. पोथीतला बाण फक्त पहिल्याकडे. चौसष्ट पानांतली सर्वांत मोठी वाङ्मयीन चूक ती हीच. यूएसबीने जोडलेल्या मोडेमला संगणकात स्वतःचा दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि आमच्या खोक्यातला दुभाष्या फक्त विंडोज बोलत होता. लॅनचं तसं नाही. तो सर्वमान्य ठरलेला नमुना. आमच्या चेकच्या तळाशी एमआयसीआरची ओळ असते ना, तसा. चेक कुठल्याही बँकेचा असो, यंत्र वाचतं. वायर बदलली. मोडेमवरचा तिसरा दिवा लागला.

पुढची आज्ञा शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने चिठ्ठीवर लिहून दिली : सुडो पीपीपीओईकॉन्फ. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधी फुलीसुद्धा नाही, म्हणून मी कीबोर्ड उलटा करून आपटला. मग निळ्या पडद्यावर एकेक प्रश्न यायला लागला. त्यात एक असा : पाकीट १४५२ बाईटांपर्यंत मर्यादित करू का? खाली सल्ला, खात्री नसेल तर होय म्हणा.

वाचकहो, खात्री नसताना होय म्हणायचं! बँकेत आयुष्य काढणाऱ्याला हे वाक्य अश्लील वाटतं. मी ‘नाही’कडे वळलो. अण्णांनी हात धरला. “हिशेब कर आधी.” केला. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाईट मावतात. पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड दाखवून लाईनवर आत शिरण्याची जी रीत, ती स्वतःच्या वेष्टनाचे ८ कापते. उरले १४९२. पत्तेबित्ते लिहायला आणखी ४० जातात. उरले १४५२. उगमस्थानीच करकपात! टॅली झाल्यावर होय म्हणायला माझी हरकत नव्हती.

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरला. २५६ केबीपीएसचा वेग, आणि तेव्हाच्या सरकारी व्याख्येत तेवढ्यालाच ब्रॉडबँड म्हणत. आधी टोपरं, मग कपाळ. डोळ्यांपर्यंत आलं आणि वीज गेली. अण्णा अंधारात दोन तास त्याच खुर्चीवर बसून राहिले. आईने जेवायला हाक मारली तर म्हणाले, “थांब, नाक यायचंय.”

या आवृत्तीचं खरं वैशिष्ट्य म्हणजे समासातल्या टीपा. अण्णांनी नंतर शिसपेन्सिलीने त्या लिहून ठेवल्या, पुन्हा बिघडलं तर असू द्यात म्हणून. नवव्या पानावर बाण खोडून ‘दुसरं तोंड’. पुढे एका तक्त्यात उदाहरण म्हणून ० आणि ३८ छापलं होतं, तो ब्रिटनचा आकडा. तिथे ‘३५. आपल्याकडं ३५. एक भोक चुकलं की मोर लंगडा.’ एकसष्टाव्या पानावर, व्यवस्थापकाच्या ओळीखाली, नुसतं ‘मी’. मूळ मजकुरापेक्षा टीका सरस असण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही, पण एका शब्दात काम झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली.

माळा आवरण्याचं कारण राहिलंच. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. मध्यंतरी मीही मिळवता झाल्यावर खरं विंडोज घेतलं होतं. पण घरचा संगणक ११ च्या पात्रतेत बसेना. तेव्हा मस्कतहून सुट्टीला आलेल्या भाचीने त्यावर अर्ध्या तासात लिनक्स चढवलं. वायफाय आपोआप लागलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी होय म्हटलं नाही. मी तिला पोथी दाखवली. तिने चाळली, नवव्या पानावर थांबली.

“मामा, ‘दुसरं तोंड’ म्हणजे काय?”

मी म्हटलं, पहिलं तोंड तुझं, ते बघायला दुसरं लागलं. तिला ते कळलं नाही. सगळं सविस्तर सांगेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला. मोडेम भंगारवाल्याला दिला. त्याने पंधरा रुपये दिले आणि पुस्तकाला हात घातला, तेव्हा ते मात्र मी काढून घेतलं. म्हणाला, “सायेब, हे वजनात धरलं हुतं.” दोन रुपये परत केले.